सायप्रसचा लारा किनारा: वयस्कर आईला घेऊन जाता येईल का?

मांद्रेकर:
यंदा पत्नी आणि सत्तरी ओलांडलेली आई यांच्यासह सायप्रस बेटावर जाण्याचा विचार आहे. आमचे घर गोव्याच्या किनाऱ्यापासून जवळ असल्यामुळे समुद्राचे अप्रूप नाही. परंतु पर्यटनाच्या हंगामात शॅकवरील (वाळूवर उभारलेल्या तात्पुरत्या उपाहारगृहांतील) संगीत रात्री उशिरापर्यंत घरात ऐकू येते, आणि ज्या वाळूवर आईने लहानपणी कासवे चढताना पाहिली तेथे आता ती सहसा दिसत नाहीत. म्हणून वाळूचा, शांत आणि शक्य असल्यास कासवे येणारा किनारा पाहावा अशी तिची इच्छा आहे. पाफोस शहराच्या वायव्येस असलेल्या लारा किनाऱ्याविषयी वाचले. तेथे कोणत्या महिन्यात जावे आणि वयस्कर व्यक्तीला तेथवर पोहोचणे कितपत सोपे आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दर्याकाठ:
नोकरीनिमित्त मी काही वर्षे सायप्रसमधील लिमासोल शहरात होतो, त्यामुळे पाफोसचा किनारा चांगला परिचयाचा आहे. आपण लारा निवडलात हे उत्तम केलेत. ॲफ्रोडायटी देवीचे जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध असलेल्या पेत्रा तू रोमिऊ येथे पुष्कळ लोक जातात, पण तेथे पायाखाली बहुतांशी गोटे आहेत. लाराला मऊ वाळू आहे, मागे आकामास द्वीपकल्पाचे बोडके, झुडपी डोंगर आहेत आणि किनाऱ्यावर हॉटेलांची रांग नाही.

आपल्या समुद्राशी असलेला एक फरक आईंना आधीच सांगून ठेवावा. गोव्यात भरती-ओहोटीत पाण्याची पातळी साधारण दोन मीटर खालीवर होते आणि ओहोटीला ओल्या, घट्ट वाळूचा रुंद पट्टा चालायला मिळतो. भूमध्य समुद्रात हा फरक बहुतेक ठिकाणी अर्ध्या मीटरहूनही कमी असल्यामुळे तसा पट्टा तयार होत नाही आणि पाण्याजवळ जायचे म्हटले तरी कोरड्या, पाय रुतणाऱ्या वाळूतूनच चालावे लागते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे जाणवते. पाणी मात्र इतके नितळ असते की तळ स्पष्ट दिसतो. त्या समुद्रात पोषकद्रव्ये कमी, म्हणून सूक्ष्म वनस्पतीही कमी. शिवाय आपल्या मांडवी-झुवारीसारख्या गाळ आणणाऱ्या मोठ्या नद्या तेथे नाहीत. पाण्याची क्षारता लिटरमागे सुमारे ३९ ग्रॅम असल्यामुळे शरीर आपल्याकडच्यापेक्षा सहज तरंगते.

मे महिन्याच्या सुटीत जाऊ नये, कारण तेव्हा पाणी बरेच थंड असते. ऑगस्टमध्ये ते सर्वांत उबदार असते, पण ऊन असह्य होते. सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा मध्य हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो.

गालजीबागची वाट:
मी काणकोण तालुक्यातील आहे आणि आमच्या किनाऱ्यावरील कासवांच्या घरट्यांच्या राखणीत माझा सहभाग असतो, म्हणून केवळ कासवांविषयी लिहितो. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग येथे येते ते ऑलिव्ह रिडले, साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात. लाराला हिरवे कासव आणि लॉगरहेड अशा दोन जाती येतात आणि त्यांचा हंगाम उन्हाळ्यात, मे अखेरीपासून ऑगस्टपर्यंत असतो. संपूर्ण भूमध्य समुद्रात हिरव्या कासवाची घरटी मुख्यतः सायप्रस, तुर्कस्तान आणि सीरिया येथेच आढळतात, एवढ्यावरून या किनाऱ्याचे मोल कळावे. तेथील मत्स्य खात्याने १९७८ पासून हे काम चालवले आहे. कोल्ह्यांनी अंडी उकरू नयेत म्हणून घरट्यांवर जाळीचे पिंजरे ठेवले जातात, आणि लाटांच्या टप्प्यात घातलेली अंडी सुरक्षित जागी हलवली जातात.

१ जून ते ३० सप्टेंबर या काळात तेथे रात्री थांबणे, वाळूवर वाहन नेणे, छत्री किंवा तंबू उभारणे यांस कायद्याने बंदी आहे. छत्रीचा दांडा थेट अंड्यांत शिरू शकतो; शिवाय पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरत असल्यामुळे सावलीसुद्धा घरट्यात ढवळाढवळ करते. लाराची शांतता आपोआप टिकलेली नाही, या नियमांनी ती राखली आहे. आपल्याकडेही हे किनारे शांतता क्षेत्रात मोडतात, पण नियम कागदावर असणे आणि अंधार पडल्यावर किनारा खरोखर रिकामा होणे यांतील अंतर मांद्रेकरांना मी सांगायला नको. आईंना अंडी घालणारी मादी दिसणार नाही, कारण ती रात्री येते. सप्टेंबरमध्ये गेलात तर दिवसा पिंजरे मात्र पाहता येतील, कारण उशिरा घातलेल्या अंड्यांतून तेव्हाही पिल्ले निघत असतात.

फोंडावासी:
कागदपत्रांविषयी थोडेसे. सायप्रस युरोपीय संघात आहे, तरी व्हिसाचे नियम शेंगेनहून (युरोपातील बहुतेक देशांच्या सामायिक व्हिसाहून) निराळे असू शकतात. त्यामुळे तिकिटे काढण्यापूर्वी दूतावासाच्या संकेतस्थळावर चालू नियम पाहावेत. बेट १९७४ पासून विभागलेले आहे: दक्षिणेत सायप्रस प्रजासत्ताकाचा कारभार चालतो, उत्तरेत तुर्कस्तानचा पाठिंबा असलेले वेगळे प्रशासन आहे. विमान लार्नाका किंवा पाफोसलाच उतरेल असे पाहावे, कारण उत्तर भागातील विमानतळावरून केलेला प्रवेश सायप्रस प्रजासत्ताक वैध मानत नाही.

मांद्रेकर:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. सप्टेंबर अखेर निश्चित करतो. रस्त्याविषयीची शंका तेवढी उरली आहे. वाहन डाव्या बाजूने चालवतात, म्हणून भाड्याची गाडी घेण्याचा विचार होता.

दर्याकाठ:
पाफोसहून वाटेतल्या आयोस जॉर्जिओस या गावापर्यंत डांबरी रस्ता चांगला आहे. त्यापुढे लारापर्यंत कच्ची, खडबडीत वाट आहे आणि लहान गाडी तेथे आदळत जाते. भाड्याच्या गाडीचा विमा बहुधा कच्च्या रस्त्यावरील नुकसानीस लागू नसतो, म्हणून करार नीट वाचावा आणि शक्य तर उंच चाकांची गाडी घ्यावी. आईंची कंबर दुखत असेल तर त्याच वाटेवर अलीकडे लागणाऱ्या तोक्सेफ्त्रा किनाऱ्यावर थांबा. तोही याच संरक्षित क्षेत्रात येतो आणि तेथेही कासवे अंडी घालतात. सकाळी लवकर निघा, पाणी आणि टोपी बरोबर असू द्या आणि ऊन चढण्यापूर्वी परत फिरा, कारण छत्री लावता येणार नाही आणि वाळूवर सावलीचे झाड नाही. जीवरक्षक नसल्यामुळे पश्चिमेचा वारा वाढलेला दिसला तर पाण्यात उतरू नये.