शब्दचर्चा: ‘परधर्मसहिष्णुता’ – सोसण्याचा वास नसलेला शब्द हवा आहे

शेवंती
एका पत्रकाचं भाषांतर करते आहे, त्यात अडले आहे. आमच्या भागात वेगवेगळ्या धर्मांची मंडळी महिन्यातून एकदा शाळेच्या वर्गात बसून बोलतात. भोंगे, मिरवणुकीचा रस्ता, कुर्बानीच्या दिवसातली स्वच्छता, कधी नुसत्याच एकमेकांच्या घरातल्या रीतीभाती. या बैठकांचा उद्देश सांगणारा मजकूर इंग्रजीतून आला. ‘टॉलरन्स’साठी मी सरळ ‘सहिष्णुता’ लिहिलं. मसुदा वाचून दाखवल्यावर एक निवृत्त शिक्षक, मुसलमान, मराठी अतिशय सुरेख, शांतपणे म्हणाले, “बाई, सहिष्णुता म्हणजे सोसणंच ना? मग आम्ही काय तुमचं दुखणं आहोत?” कोणालाच उत्तर देता आलं नाही.

दुसरी अडचण ‘बिलीफ्स’ची. ‘धार्मिक समजुती’ म्हटलं की ते अंधश्रद्धेकडे झुकतं. आपली ती श्रद्धा आणि दुसऱ्याची ती समजूत, असा भेद मराठीत नकळत होतोच. ‘श्रद्धा’ लिहावं तर बैठकीला येणारे दोन-तीन नास्तिक बाहेर राहतात. पत्रक छापायला जायचं आहे. सुचवा.

मोडीवाचक
त्या सरांचा सल समजतो, पण ‘सहिष्णु’ शब्दावर अन्याय होतोय. संस्कृतातल्या ‘सह्’ धातूचा जुना, वैदिक अर्थ ‘वरचढ ठरणं, जिंकणं’ असा आहे. ‘सहस्’ म्हणजे बळ, त्यावरून ‘साहस’. ज्याच्या अंगात बळ आहे तोच सहिष्णु. ‘सोशीक’ हा त्याच घराण्यातला असेल-नसेल, पण त्याची दीनवाणी छटा ‘सहिष्णु’ला लावू नये. गीतेतलं ‘तितिक्षस्व’ (सहन कर) आठवा. तिथेही रडतखडत सोसणं नाही.

अबोली
मला तर शाळेत शिकवलं होतं की ‘सह’ म्हणजे सोबत, म्हणून सहिष्णुता म्हणजे सोबत राहण्याची वृत्ती. सहजीवन, सहकार, सहिष्णुता.

मोडीवाचक
अबोलीताई, ते ‘सह’ वेगळं. ते अव्यय, हा धातू. ऐकायला छान वाटतं पण व्युत्पत्ती म्हणून टिकत नाही.

अत्तरदाणी
व्युत्पत्ती काय का असेना, कानाला जे ऐकू येतं तेच शब्दाचं आजचं वजन. वर्गात बसलेल्या माणसाला वैदिक अर्थ सांगून समजावणार का? मी सांगली जिल्ह्यातला. आमच्याकडे उर्दूत याला ‘रवादारी’ म्हणतात आणि त्यात सोसणं अजिबात नाही. फारसीत ‘रवा’ म्हणजे चालण्याजोगं, मान्य. त्याच्या मुळाशी जाण्याचं, चालण्याचं क्रियापद आहे. रवादारी म्हणजे दुसऱ्याचं चालू देणं. आणि गंमत बघा, मराठीत आपण रोज हेच म्हणतो. “त्यांच्यात अंडं चालत नाही.” “आमच्यात चालतं.” “उपासाला तुम्हाला भगर चालते का?” परधर्माशी, परजातीशी मराठी माणसाचा पहिला व्यवहार या ‘चालतं’ने होतो. सहिष्णुता हा शब्द भाषणातला आहे.

आणखी एक. आमच्याकडे मोहरमला पंजे ‘बसतात’. गणपतीही ‘बसतात’. क्रियापद एकच. कडेगावच्या उंच ताबुतांच्या भेटी बघायला या कधीतरी. त्यात हिंदू घराण्यांचे मान ठरलेले आहेत. गोटखिंडीत मशिदीत गणपती बसतो. हे करणाऱ्या कुणाला ‘तुम्ही सहिष्णु आहात’ असं म्हणालात तर तो तुमच्याकडे बघतच राहील.

शुद्धमती
रवादारी पत्रकात नको. मला उर्दूचा राग नाही. पण शब्द असा हवा की जो वाचताना कोणत्याही एका गटाला तो आपल्या घरचा आणि दुसऱ्याला पाहुणा वाटू नये. मराठी शाळेत शिकलेल्या सगळ्यांना कळेल असं संस्कृतोद्भव काही असताना उसनवारी कशाला? ‘परधर्मादर’ का नाही?

अत्तरदाणी
संस्कृतोद्भव शब्दही काहींच्या घरचा आणि काहींचा पाहुणाच असतो, शुद्धमतीजी. शेवंतीताईंनी ‘मसुदा’ लिहिलं ते आपण कोणी अडवलं नाही. तो अरबीतूनच आलाय.

शुद्धमती
मसुदा रुळला आहे. रवादारी रुळलेला नाही. फरक तोच आहे आणि तो महत्त्वाचा आहे.

वडाचीवाडी
‘आदर’चा पर्याय गांधीजींच्या आश्रमातही आला होता. 1930 साली येरवड्याच्या तुरुंगातून त्यांनी व्रतांवर जी पत्रं लिहिली त्यात हाच घोळ आहे. ‘सहिष्णुता’ हा शब्द आपल्याला आवडत नाही, त्यात दुसऱ्याचा धर्म आपल्यापेक्षा उणा आहे असं गृहीत धरलं जातं, असं त्यांचं म्हणणं. काकासाहेब कालेलकरांनाही तो पटत नव्हता. ‘सर्वधर्मसमभाव’ रुजला तो त्या शोधातून. विनोबांनी एकादश व्रतं मराठीत बांधली त्यात ‘सर्वधर्मीं समानत्व’ आहे. शेवंतीताईंच्या सरांचा आक्षेप तेव्हाच घेतला गेला होता आणि त्याचं उत्तरही तेव्हाच दिलं गेलं. तोच शब्द घ्या.

उंबरठा
सर्वधर्मसमभावात नास्तिक कुठे बसतो? शेवंतीताईंनी तो प्रश्न आधीच विचारलाय. सगळे धर्म समान मानायचे तर कुठलाच न मानणाऱ्याचं काय?

जोतीराव फुल्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’मध्ये (1891 साली, त्यांच्या निधनानंतर छापलं गेलं) एक घर रंगवलं आहे. बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी. ज्याने त्याने ग्रंथ वाचून स्वतः निवड केलेली. त्या घरात कोणी कोणाचा हेवा-द्वेष करू नये, एवढीच अट. समभाव, आदर, सहिष्णुता असलं एकही नाम त्यांना लागलं नाही. क्रियापदं पुरली. मला हे फार मोठं वाटतं, कारण आपण नेहमी दोन समाजांबद्दल बोलतो आणि फुले एका ओसरीबद्दल बोलतात.

आणि अत्तरदाणी, ‘चालतं’चं फार कौतुक नको. घर भाड्याने शोधताना मी हा शब्द पुष्कळ ऐकलाय. “मॅडम, आडनाव सांगा. नाही, मालकांना काही नाही, पण सोसायटीत चालणार नाही.” मालक बरा, दलाल बरा, सेक्रेटरी बरा, आणि तरी ‘चालत नाही’. कोण चालू देत नाही ते या शब्दातून कधीच कळत नाही, कारण त्याला कर्ताच नसतो. ‘सहिष्णुता’त निदान सोसणारा कोण ते विचारता येतं.

अत्तरदाणी
उंबरठाताई, हे मान्य. माझ्या धाकट्या भावाने पुण्यात हेच वाक्य ऐकलंय. पण दोष क्रियापदाचा नाही, लपणाऱ्या माणसाचा आहे.

उंबरठा
लपायला जागा देणारी रचनाही भाषेतच असते ना.

कल्याणफाटा
शब्द कोणताही घ्या, बैठका चालू ठेवा. मी भिवंडीजवळ वाढलो. 1970 आणि 1984 च्या दंगली घरात ऐकत लहानाचा मोठा झालो. नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. मोठे पुढारी बाजूला ठेवून गल्लीतली हिंदू-मुसलमान माणसं नियमित एकत्र बसवली. बोलणं रोजच्या तंट्यांचं. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. कारण साधं आहे. अफवा आली की ज्याच्याबद्दल अफवा आहे त्यालाच जाऊन विचारता येत होतं, आधीची ओळख होती. ‘मोहल्ला’ही उसना आणि ‘कमिटी’ही उसनी, शुद्धमतीजी. काम झालं.

शुद्धमती
भिवंडीबद्दल मनापासून आदर आहे. पण तिथे संस्थेचं नाव होतं, इथे मूल्याचं नाव हवं आहे. मूल्याचं नाव लोक जन्मभर उच्चारतात. माझा आग्रह तेवढ्यासाठीच.

मोडीवाचक
कल्याणफाटा यांच्या मुद्द्यावरून अशोकाचा बारावा शिलालेख आठवला. गिरनारच्या पाठात राजा म्हणतो, सगळ्या ‘पासंडां’चा मी मान ठेवतो, पण दानापेक्षा आणि पूजेपेक्षा मला ‘सारवढी’ महत्त्वाची वाटते, म्हणजे प्रत्येक पंथाच्या साराची वाढ. तिचं मूळ ‘वचिगुती’. वाचागुप्ती, जिभेला आवर. कारण नसताना स्वतःच्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा नको, कारण असलं तरी ती हलकीच हवी. भक्तीच्या भरात जो दुसऱ्याच्या पंथाला नावं ठेवतो तो स्वतःच्याच पंथाची जास्त हानी करतो. म्हणून ‘समवायो एव साधु’, एकत्र येणं हेच चांगलं, एकमेकांचा धर्म ऐकावा. शेवंतीताई, तुमच्या वर्गातल्या बैठकीचा हा बावीसशे वर्षांपूर्वीचा मसुदाच आहे. ‘समवाय’ घ्या. सोसणं नाही, उपकार नाही.

आणि ‘पासंड’ बघा. अशोकाच्या काळी नुसता पंथ, तोही मान देण्याजोगा. त्याचंच पुढे ‘पाखंड’ झालं आणि आज ती शिवी आहे. दुसऱ्याच्या धर्माबद्दल आपला सूर कसा बदलत गेला ते या एका शब्दात दिसतं.

अबोली
सोपाऱ्याला अशोकाचा लेख सापडलाय ना, तो हाच का?

मोडीवाचक
नाही. सोपाऱ्याला आठव्या आणि नवव्या लेखाचे तुकडे मिळाले. आठव्याचा तुकडा मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. बारावा तिथे मिळालेला नाही.

वडाचीवाडी
वाचागुप्तीला माझा विरोध आहे. आवरून धरलेली जीभ म्हणजे सहिष्णुता नव्हे, तो नुसता शिष्टाचार झाला. एकनाथांचा हिंदू-तुर्क संवाद वाचा. सुरुवातच शिव्यांनी. तुर्क काफर म्हणतो, हिंदू म्हणतो विटाळ होईल, परता सर. पुढे दोघं एकमेकांच्या पुराणांतलं, कर्मकांडातलं वर्म काढतात, काही म्हणता काही शिल्लक ठेवत नाहीत. आणि शेवटी आलिंगन. हे भांडण पुरतं झालं म्हणूनच आलिंगन खरं वाटतं. ज्या बैठकीत सगळे सांभाळूनच बोलतात तिथून माणूस आपलं मत जसंच्या तसं घरी घेऊन जातो.

कल्याणफाटा
नाथांच्या संवादात दोघंच आहेत आणि भोवती गर्दी नाही, हे विसरू नका. ज्याची उद्या दुकानात गाठ पडणार आहे त्याच्याशी भांडण पुरतं करता येतं. टाळ्या वाजवणारे शे-दोनशे लोक मागे असले की कोणीही आलिंगनापर्यंत येत नाही. बैठक लहान ठेवण्यावर भिवंडीत भर होता तो याच कारणाने.

दर्याकिनारा
‘पासंड’वरून आमच्या गोव्यातला ‘देवचार’ आठवला. हिंदूंसाठी देवचार म्हणजे गावाचा राखणदार. रात्री सीमेवरून फिरतो, वाट चुकलेल्याला घरी सोडतो. ख्रिस्ती कोंकणीत देवचार म्हणजे सैतान. शब्द तोच, गाव तोच, कधी कधी भिंतही तीच. उलट बाजूही सांगते. फादर थॉमस स्टीफन्सने 1616 साली क्रिस्तपुराण छापलं, मराठी ओव्यांत, आणि त्यात स्वर्गाला चक्क ‘वैकुंठ’ म्हटलं. म्हणजे एक शब्द पाताळात गेला आणि दुसरा पाहुणा होऊन वर बसला. म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीला, म्हणजे मेरीमातेला, आणि शिरगावच्या लईराई देवीला आम्ही अजून बहिणीच मानतो. सायबिणीच्या फेस्ताला हिंदू तेल घेऊन जातात. ‘मानतो’ हा शब्द घ्या ना पत्रकात. मानणे.

शेवंती
‘मानणे’चा मी विचार केला होता. “आम्ही एकमेकांचं मानतो” चांगलं वाटतं, पण “तो देव मानत नाही”मधलं मानणं वेगळं आणि “तो थोरांना मानतो”मधलं वेगळं. नास्तिकांचा घोळ तिथेही येतोच.

झाडीपट्टी
‘बिलीफ’साठी घटनेचा मराठी सरनामा बघा. ‘विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य’. हिंदीत त्याच जागी ‘विश्वास, धर्म और उपासना’ आहे. मराठीने ‘श्रद्धा’ घेतली, हिंदीने ‘धर्म’. आणि 1976 च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीत आलेल्या ‘सेक्युलर’ला मराठीत ‘धर्मनिरपेक्ष’, हिंदीत ‘पंथनिरपेक्ष’. मला मराठीचा ‘विश्वास, श्रद्धा’ हा जोड फार आवडतो. नास्तिक ‘विश्वास’मध्ये बसतो.

शुद्धमती
‘धर्मनिरपेक्ष’ चुकीचाच आहे. आपल्याकडे धर्म म्हणजे कर्तव्यही, राज्य त्याच्याशी निरपेक्ष कसं राहील? ‘पंथनिरपेक्ष’ बरोबर.

उंबरठा
हा वाद इथे सुरू केलात तर पत्रक पुढच्या वर्षी छापलं जाईल. ‘निधर्मी’ आणि ‘इहवादी’ही रांगेत आहेत.

शेवंती
सध्या असं केलंय: “एकमेकांचे विश्वास, श्रद्धा आणि रीती ऐकून घेण्याची सवय वाढावी, म्हणून”. मोडीवाचकांच्या ‘एकमेकांचा धर्म ऐकावा’वरून सुचलं.

झाडीपट्टी
‘ऐकून घेणे’ जपून. “साहेबांकडून चार शब्द ऐकून घेतले” म्हणजे बोलणी खाल्ली. तुमचे सर पुन्हा हसतील.

शेवंती
मग ‘घेण्याची’ काढून ‘ऐकण्याची’? पण त्यात जवळीक कमी होते.

अत्तरदाणी
मला ‘ऐकून घेणे’च चालेल. थोडी बोलणी खाण्याची तयारीही त्या बैठकीत लागतेच. जुना एक शब्द सांगतो, कोणाला माहीत असेल: ‘अविंध’. कान न टोचलेला, म्हणजे मुसलमान. श्रीगोंद्याच्या शेख महंमद बाबांनी तो स्वतःला लावून घेतला: अविंध, पण हृदयात गोविंद. तुम्ही वेगळे आहात हे लपवायचं नाही आणि त्याची शिवीही होऊ द्यायची नाही.

दर्याकिनारा
किती छान. विंधणे म्हणजे टोचणे, म्हणून अ-विंध. कोकणातल्या बेने इस्रायलींना, म्हणजे मराठी ज्यूंना, शेजाऱ्यांनी दिलेलं ‘शनिवार तेली’ हे नावही याच जातीचं. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे म्हणून. त्यांच्या सणांची नावंही मराठी आहेत: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण.

अबोली
दारफाळणीचा सण म्हणजे कोणता?

दर्याकिनारा
योम किप्पूर, ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस. दिवसभर कडक उपास, पांढरे कपडे, घराचं दार बंद. शेजाऱ्यांना दिसायचं ते बंद दारच, म्हणून नावातही तेच.

झाडीपट्टी
इथली ‘फाळणी’ म्हणजे दुभंगणं नक्कीच नसावं. दुकानाच्या फळ्या लावतात, त्या ‘फळी’शी नातं असेल का? मोडीवाचक, कुलाबा जिल्ह्याच्या जुन्या कागदांत दार ‘फाळणे’ असं क्रियापद दिसलंय का कुठे?