मदत हवी आहे: निलगिरीचे २९ बुडखे उरलेत, आणि विहिरीकाठच्या चिंचेचं काय करू?

नमस्कार मंडळी. पुण्यात राहते. दिवे घाट चढून सासवडच्या पुढे गेलं की आमची सव्वा एकर जमीन आहे, वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या नावावर. जेसीबी-पोकलेनच्या कामाची माहिती असणाऱ्यांनी कृपया सविस्तर वाचावं. दोन रविवार वाया गेलेत आणि तिसऱ्या रविवारच्या आत काहीतरी ठरवायचं आहे.

आप्पांनी १९८६ साली बांधाला आणि मधल्या पट्ट्यात निलगिरी लावली. तेव्हा सगळेच लावत होते. रोपं सहज मिळत, पाणी घालावं लागत नसे, लाकूड विकलं जाई. तीनदा तोड झाली, दर वेळी बुडख्यातून फुटवे आले आणि बुडखा रुंद होत गेला. आता काही बुडखे अडीच फूट व्यासाचे आहेत. शेवटची तोड या मार्चमध्ये केली आणि वखारवाल्याला मी सांगितलं, अगदी मातीलगत काप. रान स्वच्छ दिसेल असं वाटलं होतं. आता कळतंय की तिथेच चुकलं.

आप्पा ७८ वर्षांचे आहेत. त्यांना तिथे अंजीर लावायचं आहे. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून हा विषय घरात निघतो आणि मागे पडतो. यंदा मी ठरवलं की पुढच्या पावसाळ्यापर्यंत खड्डे तयार हवेत.

दिवाळीनंतर गावातला एक जेसीबी बोलावला, तासाला १,२०० रुपये. एकूण ३१ बुडखे. पहिल्यालाच बकेट खाली घातलं आणि ऑपरेटर थेट वर उचलायला लागला. बुडखा हलेना. मागचे दोन्ही जॅक मातीत रुतत गेले, मशीन पुढून अधांतरी झालं आणि केबिन हातभर डोलली. मी दहा पावलांवर उभी होते, तिथून आणखी मागे पळाले. शेवटी चारी बाजूंनी खणत खणत तो निघाला. दुसऱ्याला हायड्रॉलिकचा पाईप फुटला, तेल उडालं, तो बदलायला माणूस सासवडला गेला (तो वेळ त्यांनी धरला नाही, हे सांगायला हवं). दोन बुडख्यांना चालू मशीनचे २ तास ४० मिनिटं, म्हणजे ३,२०० रुपये. याच गतीने उरलेल्या २९ना साधारण ३८ तास ४० मिनिटं, म्हणजे ४६,४०० रुपये होतात.

पैशांपेक्षा खड्ड्यांकडे बघून पोटात गोळा आला. आमच्याकडे वर दीड फूट काळी माती आणि खाली मुरूम. खणलेलं सगळं एकाच ढिगात गेलं आणि लोटताना मुरूम वर आला. त्या दोन जागी आता पिवळट, खडखडीत थर आहे. आप्पा काठी टेकत तिथवर आले, मूठभर उचललं, बोटांनी चुरलं आणि काही न बोलता खाली टाकलं.

मग एका पोकलेनवाल्याशी बोलले. २० टनी मशीन, तासाला २,२००, किमान ८ तास धरणार, शिवाय ट्रेलरचे जाऊन-येऊन १४,०००. तो म्हणतो एका बुडख्याला पंधरा मिनिटं, सगळं एका दिवसात. म्हणजे ३१,६००. हिशोबाने हेच स्वस्त पडतं, पण आमच्या गाडीवाटेवर ओढ्यावर नळ्यांची जुनी मोरी आहे. तिच्यावरून उसाची भरलेली ट्रॉली नेतानाही लोक जपून नेतात.

अजून दोन अडचणी. २९पैकी ११ बुडखे बांधावर आहेत आणि बांधापलीकडे चुलतकाकांचं रान आहे. त्यातल्या एका बुडख्याच्या मुळांत हद्दीचा दगड अडकलाय, नुसतं टोक दिसतं. बोलणं-चालणं चांगलं आहे, ते तसंच राहावं.

आणि चिंच. ती आजोबांच्या आधीची. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात ती माणसाच्या छातीइतक्या उंचीवर मोडली. बुडखा विहिरीच्या काठापासून जेमतेम नऊ फुटांवर आहे. विहीर दगडी बांधकामाची, जुनी. मे महिन्यात पाणी खाली जातं तेव्हा वाकून बघितलं की दगडांच्या सांध्यांतून चिंचेची मुळं आत आलेली दिसतात. काही मनगटाएवढी, काही केसांसारखी बारीक, पाण्याच्या दिशेने लोंबणारी. जेसीबीवाला म्हणाला, तोही काढून टाकू, एका दमात. मी थांबवलं. का थांबवलं ते मला नीट सांगता आलं नाही. आप्पा दुपारी त्याच बुडख्याला टेकून बसतात, कदाचित तेवढंच कारण असेल. पण मुळं विहीर फोडतील अशी भीतीही वाटते. काढू की ठेवू?

प्रतिसाद, भोरहून

ताई, बारा वर्षं पोकलेन चालवली, आता गुडघ्यांमुळे बंद आहे. चिंचेचं आधी सांगतो. जेसीबीवाल्याला थांबवलंत ते फार बरं केलंत. त्या विहिरीचे दगड आणि ती मुळं इतक्या वर्षांत एकमेकांत विणली गेलीत. बुडखा उपसताना मूळ तुटतंच असं नाही, ते दगडाला धरून ओढतं. एक दगड सुटला की वरचे बसतात. त्यात सात-आठ टनांचं मशीन काठावर हादरे देणार. मी विहिरीपासून पंधरा-वीस फुटांच्या आत मशीन कधी नेलं नाही, मालक कितीही म्हणाला तरी.

बुडखा औषध घालून मारूही नका. मेलेली मुळं काही वर्षांत कुजतात आणि सांध्यांत पोकळी राहते. चिंचेला फुटवे येतातच. ते येऊ द्या, पण दरवर्षी छाटा, झाड डोक्यापेक्षा उंच जाऊ देऊ नका म्हणजे मुळंही फार जाड होणार नाहीत. मे महिन्यात पाणी उतरलं की गवंडी उतरवून आतली मुळं करवतीने बांधकामालगत कापून घ्या, ओढून काढू नका, आणि सांधे भरून घ्या. एखादा दगड आत फुगून आलाय का तेही तेव्हाच बघा. फुगवटा असेल तर मात्र माझं ऐकून थांबू नका, विहिरींचं काम करणारा जाणता गवंडी दाखवा.

आता निलगिरी. खोड तीन-चार फूट ठेवून कापलं असतं तर तोच दांडा झाला असता, वरून ढकललं की बुडखा कलंडतो. आता दांडा नाही, म्हणून मुळं आधी तोडावी लागतील. बुडख्यापासून दोन-अडीच फूट सोडून गोल चर घ्यायचा. अरुंद बकेट लावायला सांगा, दीड फुटी. रुंद बकेट माती जास्त उपसतं आणि मूळ तोडत नाही. तीन बाजूंची आडवी मुळं दातांनी तोडून मगच चौथ्या बाजूने खालून शिरायचं. तुमच्या माणसाने मुळं न तोडता उचललं, सगळा भार पाईपांवर आला. आडवं झटकूनही काढायला देऊ नका, बकेटच्या सांध्यातल्या पिना आणि बुश जातात आणि मग ऑपरेटर तुमच्याशी भांडतो.

मातीचं काम अगदी सोपं आहे, फक्त ऑपरेटरला सुरू करायच्या आधी सांगायचं, नंतर नाही. काळी माती डावीकडे, मुरूम उजवीकडे. बुडखा निघाला की हवेत धरून दोन-तीनदा जमिनीवर आपटायचा, मुळांतली माती तिथेच गळते. भरताना आधी मुरूम, वीतभर थर, वरून बकेटने दाबायचं, पुन्हा थर. काळी माती शेवटी. आधीच्या दोन जागाही त्याच दिवशी उकरून सरळ करून घ्या.

मशीन २० टनी नको, १४ टनी बघा, निलगिरीला भरपूर होतं. ट्रेलर डांबरी रस्त्यावरच उतरवा. तिथून मशीन चालवत न्यायचं, डांबरावर साखळीखाली जुने टायर टाकत. मोरीवरून न्यायचंच नाही. आता ओढ्याला पाणी नसेल तर शेजारून ओढ्यात उतरवून पलीकडे काढा. आणि याच आठवड्या-दोन आठवड्यांत करा. जमीन वाफशावर आहे तोवर मूळ सुटतं. काळी माती उन्हाने दगड झाली की एवढ्याच कामाला दीडपट तास लागतात.

प्रतिसाद, दौंडहून

आमच्याकडे साखळी बांधून ट्रॅक्टरने ओढतात. डिझेलचाच खर्च.

प्रतिसाद, भोरहून

दादा, रागावू नका, पण हे कुणाला सांगू नका. बुडखा सुटला नाही आणि साखळी उंच बांधलेली असली तर ट्रॅक्टर पुढून उठतो आणि मागे ड्रायव्हरवर उलटतो. मी असा एक ट्रॅक्टर पोकलेनने उचललाय. खाली माणूस होता. साखळी तुटली तर तिचं टोकही गोळीसारखं येतं. ताई, तुमच्या रानावरून शेतपंपाची लाईन जाते का? जात असेल तर वायरमनला सांगून सप्लाय बंद ठेवा. मशीनचा लांब हात (बूम) वर गेला की ऑपरेटरचं लक्ष खाली बकेटकडे असतं.

प्रतिसाद, जुन्नरहून

बांधावरच्या अकराला इतक्यात हात लावू नका. बांध उकरला गेला की कोण किती सरकलं यावर सख्खे भाऊ कोर्टात जातात. आधी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्या, काकांना सोबत घेऊनच द्या. हद्दीची खूण नष्ट करणं हा १९६६ च्या जमीन महसूल संहितेत दंडाचा विषय आहे, मशीनने चुकून उडाली तरी समजावत बसावं लागतं. दगडाजवळचा बुडखा ठेवलात तरी अंजिराचं काही बिघडत नाही. फुटवे खुडत राहा. आणि निघालेले बुडखे लगेच विकू नका, दोन महिने उन्हात पडू द्या. माती झडते, वजनात कपात होत नाही, वीटभट्टीवाले घेऊन जातात.

धागाकर्ती

भोरच्या दादांचा प्रतिसाद आप्पांना फोनवर वाचून दाखवला, दोनदा. ट्रॅक्टरचं वाचताना ते म्हणाले, थांब जरा, आणि बराच वेळ गप्प होते. लाईन जाते, तीन बुडखे बरोबर खाली आहेत. वायरमनशी बोलणं झालंय.

ठरलं ते असं. मधल्या पट्ट्यातले १८ आता काढायचे. १४ टनी मशीन मिळतंय, तासाला १,६००, किमान सहा तास, ट्रेलर ९,०००. म्हणजे १८,६००, आणि अरुंद बकेट आहे का हे मी पहिल्यांदा विचारलं. आहे. गुरुवारी येणार. ओढा कोरडा आहे, काल स्वतः उतरून पलीकडे चढून बघितलं, एका जागी दरड तासावी लागेल.

काकांकडे काल संध्याकाळी गेले. मोजणीचं काढल्यावर काकू आधी जरा गप्प झाल्या, मग काका म्हणाले, तो दगड तुझ्या आजोबांनी आणि माझ्या वडिलांनी मिळून पुरलाय, दोघांच्या समक्षच निघू दे. अर्ज सोमवारी दोघांच्या सहीने देतोय.

चिंच राहतेय. आजच जवळून पाहिलं, उत्तरेच्या अंगाला फुटव्यांचा झुपका आहे, पानं हाताच्या बोटाएवढी. एक विचारायचं राहिलं: सासवड किंवा आसपास दगडी विहिरीचे सांधे भरणारा जुना गवंडी कुणाच्या माहितीत असेल तर निरोप पाठवा. मेपर्यंत वेळ आहे, पण असे हात आता कमी उरलेत म्हणतात, म्हणून आत्ताच शोधते आहे.