टॉरिफॅक्शन (हवेशिवाय भाजणी) केलेल्या लाकडातून बायो-ऑइल कमी का येतं?

प्रश्न: लाकडाचा भुसा नायट्रोजनमध्ये २८० अंश सेल्सिअसला तासभर भाजून मग ५०० अंशांवर जलद पायरोलिसिस (हवेशिवाय झटकन तापवून निघालेली वाफ थंड करून तेल मिळवणं) केलं. तेल घटलं, कोळसा वाढला. तेलात आम्लता मात्र कमी आहे. हे अपेक्षित आहे का?

उत्तर १: हो. लाकूड मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन यांचं बनलेलं असतं. भाजताना आधी हेमिसेल्युलोज तुटतं. त्याचे अॅसिटिल गट अॅसिटिक आम्ल होऊन पाण्यासोबत तिथेच निघून जातात, म्हणून पुढच्या तेलात आम्ल आणि पाणी कमी, फिनॉलचं (लिग्निनपासून येणाऱ्या संयुगांचं) प्रमाण जास्त. कोळसा वाढतो तो सेल्युलोज आणि लिग्निनमध्ये आडवे बंध तयार झाल्यामुळे. असा माल वाफ होण्याऐवजी कोळशाकडे वळतो. २२०–२५० अंश, अर्धा तास करून बघा. सौम्य भाजणीत तेलातलं लेव्होग्लुकोसान (सेल्युलोजपासून बनणारी साखर) बहुधा वाढतं, तापमान चढवलं की पुन्हा पडतं.

उत्तर २: उतारा (किती टक्के तेल मिळालं) कशाच्या वजनावर काढलात? भाजलेल्या मालावर काढला तर आकडा फसवा. भाजताना गेलेलं वजन धरून मूळ कोरड्या लाकडावर काढा. आणि वजन घटलं की राख (लाकडातले न जळणारे क्षार) तेवढ्याच प्रमाणात दाट होते. त्यातलं पोटॅशियम लेव्होग्लुकोसान मोडतं. शंका असेल तर भाजण्याआधी भुसा सौम्य आम्लाने, मग पाण्याने धुऊन १०५ अंशांवर वाळवा.

उत्तर ३: थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) भट्टीच्या भिंतीला आहे की भुशाच्या मधोमध? जाड थरात भाजताना आत तयार होणारी उष्णता बाहेर पडत नाही, मध्यभाग ठरवल्यापेक्षा जास्त तापतो. थर पातळ ठेवा. माल पूर्ण थंड होईपर्यंत नायट्रोजन बंद करू नका, गरम भुसा हवेत पेटतो.