मुलार्डचा शिक्का म्हणजे इंग्लंडचाच माल?

रामबागवाली:
आजोबांचा टेबल रेडिओ सुरू करायचा घाट घातलाय. आउटपुटचा व्हॉल्व्ह, म्हणजे स्पीकरला जोर देणारी काचेची नळी, गेलाय; नंबर ईएल८४. इथे इंदूरला महाराणी रोडवर दोन मिळाले. एकावर मुलार्ड कंपनीचं नाव, दुसऱ्यावरचं नाव पुसलंय, नुसतं ६बीक्यू५ दिसतंय. मुलार्डचे चौपट मागतोय, म्हणे "इंग्लैंड का माल है". कुठला घेऊ?

जुनी_खटपट:
ताई, ईएल८४ आणि ६बीक्यू५ दोन्ही एकच. अमेरिकेतली नावं आकड्याने सुरू होतात, युरोपातली अक्षराने. तिकडच्या नावात ६ म्हणजे फिलामेंट ६.३ व्होल्टचं, आपल्याकडचा ई तेच सांगतो. एल म्हणजे आउटपुट पेंटोड (पाच इलेक्ट्रोडांचा व्हॉल्व्ह), ८ म्हणजे नऊ पिनांचा बेस.

आता मुलार्ड. ती १९२७ पासून फिलिप्सच्याच घरातली. एकाच कारखान्यातला माल विलायतेत मुलार्ड, जर्मनीत वाल्वो, अमेरिकेत अँपेरेक्स म्हणून खपायचा. गिऱ्हाईक ज्या नावाला भुलतं ते नाव काचेवर! खरी जन्मपत्रिका काचेच्या तळाशी, पिनांजवळ असते, बारीक राखाडी अक्षरांत. भिंग घेऊन जा. दुसऱ्या ओळीत आधी बी असेल तर ब्लॅकबर्न, म्हणजे इंग्लंड. त्रिकोण असेल तर हॉलंडमधलं हेरलेन. त्यापुढे सालाचा शेवटचा आकडा, महिन्याचं अक्षर, आठवडा. दशक मात्र आपणच ताडायचं.

हेरलेनचा वाईट नसतो हं. माझ्या दुकानात सेट जुळवून झाला की ६४८ किलोहर्ट्झवर आकाशवाणी इंदूर लावायचो, मालवा हाऊसचा, म्हणजे त्या केंद्राचा निवेदक खणखणीत आला म्हणजे काम फत्ते. कारखाना कुठला, हे त्या निवेदकाला कोण सांगणार?

फक्त ओला हात लावू नका, वरचा छाप लगेच जातो. तळाचा जात नाही.

तोपखाना_५२:
आधी बाकीचे व्हॉल्व्ह बघा. यूसीएच८१, यूवाय८५ असे यू-वाले असतील तर तिथे मुळात यूएल८४ असणार. त्यांची फिलामेंटं एका माळेत, १०० मिलीअँपिअरवर. ईएल८४ ला ७६० लागतात, तो नुसता लुकलुकेल.

रामबागवाली:
बाकीचे सगळे ई-वाले आहेत, बघितलं. भिंग घेऊन गेले. त्रिकोण, ३, डी, ४. म्हणजे ६३ चा एप्रिल, चौथा आठवडा? दुकानदाराला दाखवलं तर म्हणाला, "मैडम, मुलार्ड तो लिखा है ना!"
तेवढ्यात माझ्या घामट अंगठ्यावर मुलार्डची पहिली तीन अक्षरं उतरली. मग काय, घ्यावाच लागला.