मदत हवी आहे: व्हॅली ऑफ फ्लॉवर्स – आधी हेमकुंड की आधी व्हॅली? आज रात्रीपर्यंत सांगा

मुग्धा_के
नमस्कार. आई आणि मी उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला चाललोय. घांगरियात, म्हणजे पायथ्याच्या मुक्कामाच्या गावात, दोन दिवस हाताशी आहेत. एक दिवस व्हॅली, एक दिवस हेमकुंड साहिब (वरच्या तळ्याकाठचा गुरुद्वारा), एवढं पक्कं. पण आधी कुठे जायचं यावर प्रत्येक जण वेगळंच सांगतो आणि मला आज रात्री हॉटेलवाल्याला कळवायचंय. कृपया 'व्हिडिओ बघा' म्हणू नका, ते सगळं झालंय. फक्त क्रम सांगा.

डोंगरयात्री
कुठल्या महिन्यात? व्हॅलीचं राष्ट्रीय उद्यान १ जूनला उघडतं आणि ३१ ऑक्टोबरला बंद होतं, पण प्रत्येक महिन्यात वेगळं दिसतं. जूनमध्ये ओढ्यांवर बर्फ असतो आणि फुलं तुरळक. खरा बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. सप्टेंबरात उतार पिवळे-तांबूस व्हायला लागतात. आईंचं वय? परतीचं तिकीट कधीचं?

जोशीबुवा
व्हॅली आधी. घांगरिया तीन हजार मीटरच्या आसपास, हेमकुंड चार हजारांच्या वर. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी एकदम हजारभर मीटर चढलात तर डोकं ठणकणार. व्हॅलीत एक दिवस काढला की शरीर सरावतं.

रानवाटा
असहमत. ऑगस्टात आभाळ कधी मोकळं मिळेल याचा नेम नाही. पहिल्या सकाळी ऊन दिसलं की हेमकुंड करून टाकावं. व्हॅली धुक्यातही सुंदर दिसते. हेमकुंडाचं तळं धुक्यात काठावर उभं राहूनही दिसत नाही.

जोशीबुवा
@रानवाटा, धुक्यात तळं दिसलं नाही तर फोटो हुकतो. उंची लागली तर माणूस आजारी पडतो.

झूम_इन
फुलांसाठी मॅक्रो लेन्स न्याच. मोठी टेलिफोटो नेऊ नका, ओझं होतं. लेन्सवर बाष्प धरतं, म्हणून बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका. जास्तीची बॅटरी न्या, थंडीत लवकर उतरते.

मुग्धा_के
@झूम_इन, मोबाइलच नेतेय. ऑगस्टमध्ये जातोय. आईचं वय ६६, तब्येत उत्तम. जोशीबुवा आणि रानवाटा, तुमचं दोघांचं काहीतरी एक ठरवा ना.

सीमंतिनी_ताई
मुग्धा, 'तब्येत उत्तम' म्हणजे काय गं? बीपी? गुडघे? चढताना दम लागला तर थांबता येतं. उतरताना गुडघ्याने असहकार पुकारला की तिथे काही इलाज नसतो.

मुग्धा_के
ताई, उजवा गुडघा दुखतो, पट्टा लावते. बीपीची गोळी चालू आहे. पण दोन्हीकडे खेचरच करणार आहोत, त्यामुळे प्रश्न नाही.

जोशीबुवा
दोन्हीकडे खेचर मिळणार नाही! हे आधी सांगायला हवं होतं. जिथून पायवाट सुरू होते त्या पुलनापासून घांगरियापर्यंत खेचर मिळतं, घांगरियाहून हेमकुंडालाही मिळतं. राष्ट्रीय उद्यानाच्या आत मात्र खेचरांना बंदी आहे. व्हॅलीत एकतर पायी, नाहीतर कंडी. म्हणजे पाठीवरच्या टोपलीत माणसाला बसवून नेतात. आणि व्हॅलीची वाट अगदी सपाट आहे असंही समजू नका. उद्यानाच्या चौकीनंतर आधी पुष्पावती नदीच्या पुलाकडे उतार, मग दगडांनी बांधलेला खडा चढ. चढावर भूर्जाची झाडं लागतात, सालीचे कागदासारखे पापुद्रे सुटलेले. ती मागे पडली की दरी उघडते आणि चाल सोपी होते. तोवर गुडघ्याची परीक्षाच.

पंखवाला
एवढा त्रास कशाला? खाली हमरस्त्यावरच्या गोविंदघाटापासून घांगरियापर्यंत हेलिकॉप्टर आहे. काही मिनिटांत वर.

डोंगरयात्री
ऑगस्टमध्ये हेलिकॉप्टरच्या भरवशावर बेत आखू नका. ढग उतरले की उड्डाण नाही. मिळालं तर घ्या, पण खेचराची तयारी ठेवा. मुग्धा, परतीचं तिकीट तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

कासप्रेमी
गुडघे दुखत असताना हिमालय कशाला? सप्टेंबरात कास पठारावर न्या आईला. तेही २०१२ पासून जागतिक वारसा स्थळांच्या यादीत आहे, साताऱ्याहून तासाभरात पोचता.

मुग्धा_के
कास बघून झालंय हो. आई शाळेत जीवशास्त्र शिकवायची. तिला ब्रह्मकमळ डोंगरावर उगवलेलं बघायचंय. त्यासाठी तर व्हॅली.

सीमंतिनी_ताई
अगं मग तुझ्या प्रश्नाचं उत्तर बदललं! ब्रह्मकमळ हमखास दिसतं ते हेमकुंडाच्या वाटेवर, वरच्या टप्प्यात, खडकाळ उतारांवर. फिकट पिवळट, पातळ पापुद्र्यांचा द्रोण असतो आणि आत जांभळी फुलं दडलेली. वाकून आत डोकावल्याशिवाय ती दिसत नाहीत. ऑगस्ट अगदी योग्य वेळ. आईंना हेमकुंडाला खेचर मिळतं, म्हणजे त्यांच्या दृष्टीने तोच दिवस जास्त सोपा. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी वगैरे मनाने देऊ नकोस. बीपीची गोळी चालू आहे, डॉक्टरांना विचारूनच.

तृणपर्ण
व्हॅलीबद्दल एक सांगायलाच हवं. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि मेंढ्या-बकऱ्यांची चराई थांबली. त्यानंतर पॉलिगोनम नावाची उंच वनस्पती बेसुमार फोफावली आणि लहान फुलझाडं तिच्याखाली दबली. चराई हवीच होती.

डोंगरयात्री
@तृणपर्ण, इतकं सरळ नाही ते. चराईत नाजूक कंदही तुडवले जायचे. पॉलिगोनम उपटून काढायचं काम तिथे चालतं, ते जास्त महत्त्वाचं.

तृणपर्ण
उपटतात, पुन्हा उगवते. तिथल्या भ्यूंडार गावच्या मेंढपाळांना दरी पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती, त्यांचं कुणी ऐकलं नाही. ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ १९३१ मध्ये कामेट शिखराहून परतताना तिथे उतरला, तेव्हाही तिथे मेंढ्या चरत होत्याच की.

रानवाटा
यावर वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला. मुग्धाताई, परतीचं तिकीट?

मुग्धा_के
बरं, सगळंच लिहिते. ११ ऑगस्टला पहाटे हरिद्वार, तिथून गाडीने जोशीमठ. १२ ला घांगरिया. १३ आणि १४ व्हॅली/हेमकुंड. १५ ला खाली उतरून बद्रीनाथ दर्शन, मुक्काम तिथेच. १६ ला सकाळी निघून डेहराडूनहून दुपारी चारचं विमान. गाडीवाला 'हो जाएगा' म्हणालाय.

डोंगरयात्री
नाही होणार. क्रमाचं बाजूला ठेवा, अडचण इथे आहे. बद्रीनाथहून डेहराडूनचा जॉली ग्रँट विमानतळ म्हणजे कोरड्या दिवसातही दहा-अकरा तास. रात्री पहाडी रस्त्यावर गाड्या सोडत नाहीत, म्हणून मध्यरात्री निघायचंही जमत नाही. वर ऑगस्टचा पाऊस. लामबगड, पिपळकोटीच्या आसपास, खाली सिरोबगड, कुठेही दरड येते. मग जेसीबी येईपर्यंत दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग. कधी दोन तास, कधी अख्खा दिवस. एक मोकळा दिवस हाताशी नसेल तर ऑगस्टात तिकडे जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जोशीबुवा
शंभर टक्के. ट्रेक माणसाला अडवत नाही, रस्ता अडवतो. शिवाय १५ ऑगस्टच्या सुट्टीची गर्दी.

रानवाटा
यावर जोशीबुवांशी एकमत. बद्रीनाथ सोडा, किंवा विमान १७ ला न्या.

मुग्धा_के
विमान बदलायला पैसे पडतील. आणि बद्रीनाथ सोडायला आई तयार नाही होणार.

सीमंतिनी_ताई
आईला विचारलंस का? त्यांना ब्रह्मकमळ बघायचंय म्हणालीस ना. बद्रीनाथचा हट्ट नक्की कुणाचा आहे?

डोंगरयात्री
दोन रस्ते आहेत. विमान बदलणार नसाल तर १५ ला सकाळी लवकर घांगरिया सोडा, दुपारी गोविंदघाट, आणि वर बद्रीनाथकडे न वळता खाली या. उजेड असेपर्यंत जमेल तितकं, शक्यतो रुद्रप्रयागपर्यंत. तिथून १६ ला विमानतळ पाच-सहा तासांवर राहतो. दरड आली तरी थोडा वाव उरतो. विमान १७ चं झालं तर १५ ला बद्रीनाथ करा आणि १६ चा अख्खा दिवस खाली उतरायला ठेवा. मी दुसरा घेईन.
हेमकुंड आणि बद्रीनाथसाठी यात्रेची ऑनलाइन नोंदणी करावी लागते, ती झाली का? व्हॅलीचं तिकीट वेगळं. आणि रोख रक्कम जोशीमठातच काढून घ्या.

मुग्धा_के
नोंदणी आजच करते. आईशी आत्ता बोलले. ती म्हणते बद्रीनाथ पुढच्या वेळी, तीन दिवस डोंगरात असताना मला घड्याळ बघायला लावू नकोस. मग विमान तेच ठेवते आणि १५ ला थेट खाली. आता तरी सांगा, १३ ला काय?

जोशीबुवा
१३ ला व्हॅली, आईंना झेपेल तितकंच. पुलापर्यंत पोचल्या तरी फुलं दिसतात. सकाळी सातला चौकी उघडते, तेव्हाच आत शिरा. आत मुक्काम करता येत नाही, संध्याकाळी पाचच्या आत बाहेर यावं लागतं. १४ ला हेमकुंड, पहाटे निघून. दुपारी दोनच्या सुमारास वरून सगळ्यांना खाली धाडतात.

रानवाटा
१३ ला पहाटे आभाळ स्वच्छ असेल आणि आईंचं डोकं दुखत नसेल, तर उलट करा. एवढी सवलत द्या जोशीबुवा.

जोशीबुवा
डोकं खरंच दुखत नसेल तर दिली.

मुग्धा_के
चालेल. हॉटेलवाल्याला दोन्ही शक्यता सांगून ठेवते. शेवटचं: हेमकुंडाहून उतरताना आईने खेचरावरच बसायचं का?

सीमंतिनी_ताई
नको. उताराला, त्यातून ओल्या दगडांवर, खेचर घसरतं आणि बसलेल्याचा तोल पुढे जातो. खड्या उतारावर दोन काठ्या घेऊन हळूहळू पायी, जिथे सोपं असेल तिथे खेचर. हे खेचरवाल्याशी निघायच्या आधीच बोलून घे, जाऊन-येऊनचे पैसे ठरवतानाच.