इचिरोच्या ‘नुसत्या सिंगल्स’

काही जण म्हणतात की जपानी बेसबॉलपटू इचिरो सुझुकी नुसत्या सिंगल्स (फक्त पहिल्या बेसपर्यंत नेणारे फटके) काढायचा, अमेरिकेत होमरन (चारही बेस फिरवून आणणारे फटके) जेमतेम 117, मग एवढं कौतुक कशाला? अहो, 2004 मध्ये सिअ‍ॅटलकडून एका मोसमात 262 हिट्स (बेस गाठून देणारे फटके) मारल्यात त्याने! जॉर्ज सिस्लरचा 257 चा विक्रम 1920 पासून कुणाला हलवता आला नव्हता. डावखुरी बॅटिंग, फटका मारतानाच अंग पहिल्या बेसकडे झोकलेलं. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) चेंडू उचलेपर्यंत गडी निम्म्या वाटेत. आणि फेक? 2001 मध्ये ओकलंडला राइट फील्डमधून (मैदानाच्या उजव्या टोकाकडून) थेट तिसऱ्या बेसवर फेक करून तिकडे धावणाऱ्या टेरेन्स लाँगला टिपलं, तो व्हिडिओ बघाच. जपानमधल्या 1278 हिट्स तर मी धरतच नाहीये. हॉल ऑफ फेमसाठी (बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंचा सन्मान) 394 पैकी 393 मतं पडली. तो उरलेला एक महाभाग कोण, देव जाणे.