सगळ्यात फास्ट मुलीलाच रिलेतून काढायचं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, इथे कुणी रिले पळलंय किंवा टीम सांभाळलीये का? आमची प्रायव्हेट युनिव्हर्सिटी अगदी छोटी, अ‍ॅथलेटिक्सच्या मुली सगळ्या मिळून अकरा, त्यात स्प्रिंटवाल्या पाच, आणि पाचवी पण खरं तर लांब उडीवाली, पळते बरी म्हणून धरून आणलेली. सर एकच, बास्केटबॉल तेच, व्हॉलीबॉल तेच, त्यामुळे मला कॅप्टन केलं म्हणजे काय तर हजेरी, स्टॉपवॉच आणि भांडणं माझ्याकडे.

तर ४×१०० चा (चौघी, प्रत्येकी शंभर मीटर) घोळ असाय. आमची सगळ्यात फास्ट मुलगी (माझीच रूममेट, हे पण आलंच) प्रॅक्टिसला आठवड्यातून एकदा उगवते. शंभरला लांब उडीवालीपेक्षा सहज अर्धा सेकंद पुढे, पण एक्स्चेंजला, म्हणजे बॅटन (रिलेची दांडी) हातात घेताना, एकतर आधीच सुटते नाहीतर मागे वळून बघत बसते, परवाच्या ट्रायलला बॅटन पडलीच. लांब उडीवाली रोज येते. ती मला म्हणाली, मी काय फक्त बॅटन गोळा करायला येते का? मला उत्तरच सुचलं नाही.

सर म्हणतात तूच ठरव. रूममेटला काढलं तर टाइम जातो, ठेवलं तर उद्यापासून बाकीच्यांनी तरी प्रॅक्टिसला का यावं? स्पर्धेला तीन आठवडे आहेत.

प्रतिसाद १
नुसतं शंभरचं टायमिंग बघून रिले ठरवू नकोस, घड्याळ बॅटनला लाव. बॅटन झोनमध्ये, म्हणजे ती द्यायच्या-घ्यायच्या पट्ट्यात, शिरली की चालू, बाहेर पडली की बंद. २०१७ च्या नियमबदलानंतर ४×१०० ला झोन ३० मीटरचा आहे, तुमचा अर्धा सेकंद तिथेच आरामात उडतो. पॅरिसला २०२४ च्या फायनलमध्ये अमेरिकेचे पुरुष पहिल्याच एक्स्चेंजला गडबडले आणि बाद झाले, आणि ते काय स्लो होते होय! तिला ठेवायचंच असेल तर पहिला किंवा चौथा लेग (टप्पा) दे, तिथे एकच एक्स्चेंज असतो, मधल्या दोघींना घ्यायची पण आणि द्यायची पण.

प्रतिसाद २
वरचं बरोबर, पण हा टायमिंगचा प्रश्नच नाहीये. "तूच ठरव" म्हणणाऱ्या सरांकडून आधी एक नियम ग्रुपवर टाकून घे, एक्स्चेंजच्या इतक्या प्रॅक्टिस चुकल्या तर रिले नाही, वैयक्तिक शंभर पळायला मोकळी. आणि आजपासून मोज, मागचं उकरू नकोस. नाहीतर नियम तिच्यासाठीच काढला असं होईल, तुम्ही तर एका खोलीत राहता.

धागाकर्ती
दोघांनाही थँक्यू. सरांशी बोलले, मेसेज ते टाकणार आहेत, पण रूममेटला त्याआधी मीच सांगणार, ग्रुपवर वाचून कळलं तर संपलंच. उद्या दोघींनाही चौथ्या लेगला लावून बॅटनचं टायमिंग घेते. आता एकच, लांब उडीवालीकडे उडीचेच स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) आहेत, चौथा लेग सरळच असतो तर त्यावर पळाली तर चालेल का?